अकरा पोट्ट्यांच्या मांगं

(मोहर्लीजवळच्या एका गावात मच्छी विकणाऱ्या सुमनबाईंनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत.)

मी तिकडली, चामोर्शीकडली, ढिवराची पोरगी. बाप तलावात जाळं टाके, माय बाजारात मच्छी विके. मी चवथीपर्यंत शाळेत गेली, मंग घरी बसवलं, काऊन बसवलं ते कोणी सांगतलं नाई आन मीई विचारलं नाई. लगन झालं आन इथी आली, जंगलाच्या पोटात. इथीई तलाव हाये, इथीई मच्छी हाये, पण पाण्यावर जायचं तं बोलत बोलत जाय वो, चूपचाप जाऊ नोको, असं सासूनं पहिल्याच दिवशी सांगतलं.

आन काय सांगू भाऊ तुमाले, सासूलेच नेलं वाघानं. तेंदूपत्ता तोडत होतो आम्ही, ती वाकून होती, तो मांगून आला. ते मांगूनच येते, सामोरून येत नाई. मी चार झाडं दूर होती तिच्यापासून आन मले काईच आयकू नाई आलं. वरडणं नाई, पाचोळा वाजणं नाई. मी तिच्याशी बोलून राह्यली होती, आन ती हो म्हणेना म्हणून वर पाह्यलं तं पत्त्यांचा जुडगा तिथी पडला होता आन सासू नोयती. तेच बसलं माह्या डोक्यात, की ते येते तेवा काईच होत नाई.

तं मी पायलचं सांगत होती. पायल माही पोरगी, दुसरीत हाये. आमच्या गावातली शाळा पट कमी पडला म्हणून बंद झाली आन पोट्ट्याईले बाजूच्या गावच्या शाळेत टाकलं. मधात जंगल. पांदणीनं, बैलगाडीच्या रस्त्यानं, अर्ध्या पाऊण घंट्याची वाट. माहा मालक मोहर्लीले पर्यटकाईच्या जिप्स्या धुते, तिथी लोकं वाघ दिसला नाई म्हणून तोंड पाडून बसतात म्हणे, घ्या आता! तो म्हणे, राहू दे पोरीले घरी, जीव हाये तं सारं हाये. मी अशी भडकली! म्हणलं मले चवथीत बसवलं, हिले दुसरीत बसवता काय, लाज नाई वाटत. मीच नेतो म्हणलं. मंग बाकी बायाईनंई आपापले पोट्टे माह्या मांगं लावले, त्याईले रोजीवर जा लागते. अकरा पोट्टे झाले. सामोर सातवीतली वैशाली, मोठी हाये, समजदार हाये, आन सगळ्यात मांगं मी.

शाळेत पालकाईची सभा झाली. गुरुजींनं वरून आलेला फारम वाचून दाखवला, शाळेच्या सुरक्षेचा. गेट हाये, ताला हाये, आग विझवाची लाल टाकी हाये, मलमपट्टीची पेटी हाये. भूकंप आला तं बाकाखाली कसं घुसाचं ते पोट्ट्याईकून करून घेतलं. साऱ्या खान्यात बरोबरची खूण. मी उभी राह्यली, म्हणलं गुरुजी, सारं बेस हाये, पण आमचे पोट्टे गेटपर्यंत येतीन कसे, ते कोणत्या खान्यात हाये? गुरुजी भला माणूस, त्यानं फारम उलटापालटा करून पाह्यला. फारमात वाटेचा खानाच नोयता.

पुढच्या आठवड्यात गुरुजी चंद्रपूरवरून मुखोटे घेऊन आला. प्लास्टिकचे, गुड्ड्याच्या तोंडाचे, गुलाबी गाल, लाल ओठ, सारे एकसारखे हासणारे. डोक्याच्या मांगं लावाचे. चेहरा दिसला की ते मांगून येत नाई म्हणे. मले पटलं. पण पहिल्या दिवशी पांदणीत गेली आन माह्या आंगावर काटा आला भाऊ. अकरा पोट्टे सामोर चालून राह्यले आन अकरा चेहरे माह्याकडं पाहून हासून राह्यले. दूर चालले, पण पाहून राह्यले मलेच. एखादा पोट्टा ठेचाळून रडे, तं हुंदक्यानं डोस्कं हाले आन मांगचं तोंड हासतच राहे. मी नजर खाली टाकून चालाले लागली. मुखोटा पोट्ट्याईलेच होता, मले नोयता, आन मांगं मी होती, हे ना गुरुजीच्या डोक्यात आलं ना माह्या.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची शाळा, धुकं असं की सामोरची वैशाली पुसटच दिसे. आन कुठीच काई आवाज नाई. वानेरं नाई, पाखरू नाई. मले सासू आठवली. वर पाह्यलं तं दहा हासरे चेहरे, आन त्याईच्यात एक न हासणारा. पायल वळली होती. वळाचं नाई असं शिकवलेलं, तरी वळली होती. मले वाटलं मलेच पाहते. तं नाई. माह्या खांद्यावरून मांगं पाहून राह्यली होती, तोंड उघडं, आवाज नाई.

मी म्हणलं वैशाली, पाढे म्हणा जोरानं, पळाचं नाई, कोणी थांबाचं नाई. आन मी फिरली. पांदणीच्या मधोमध उभी होती, वाघीण, इथून त्या हापशीएवढ्यावर. बस, पाहून राह्यली होती.

मी उलट्या पायानं चालाले लागली. मी एक पाऊल टाको, ती एक टाके. मी थांबो, ती थांबे. मांगून पोट्ट्याईचे पाढे येत होते, बे एके बे, बे दुणे चार, त्याच आवाजावर मी चालत होती, त्यात पायलचा बारीक आवाज शोधत होती. आन पाढे बंद झाले.

अवो माय! एकदम बंद. मले वळून पाहता येईना. वळली तं पाठ तिच्याकडं, नाई वळली तं पोट्ट्याईचं काय झालं ते कळेना. दुसरी असन काय तिकडं? तितक्यात मांगून कोणी पदर धरला. मी किंचाळणारच होती. पायल होती. ती बाकीच्याईले सोडून माघारी आली होती. म्हणते कशी, आई, चाल, नाला लागला, मी सामोरचं पाहतो, तू मांगचं पाह्य. सात वर्षाचं लेकरू! तिनं पदर ओढला आन मी उलटी चालत नाल्यात उतरली, वर चढली. पोट्टे तिथीच, नाल्यापल्याड, पायल माघारी वळली म्हणून पाढे सोडून थांबले होते. शाळेचा टिनाचा पत्रा दिसला तेवा वाघीण धुक्यात कोणत्या बाजूनं गेली, मले नाई सांगता येत.

चार दिवसानं फारेस्टचा गार्ड आला. पांदणीच्या झाडाले त्याईचा कॅमेरा बांधला असते, आपोआप फोटो काढते. मोबाईलवर दाखवले. एका फोटोत पोट्टे आन मी, दुसऱ्यात ती. मले वाटलं त्या दिवशीचेच. तो म्हणे नाई बाई, दसऱ्यापासूनचे हायेत. रोज तुम्ही जाता, रोज मांगून ती. एका फोटोत इकडं माही टाच दिसते आन तिकडं तिचं नाक. तो दिवस मले आठवते भाऊ, मी पोट्ट्याईले गोष्ट सांगत होती, हासत होती.

चार मायाईनं आपले पोट्टे घरी बसवले, मी त्याईले काय म्हणू? सरकारवाले पोट्ट्याईले न्याले आटो देतो म्हणतात, पाहू कधी देते. आता सात पोट्टे येतात. मलेई मुखोटा भेटला, लावतो मी, पण मुखोट्याले दिसत थोडीच. म्हणून वावराच्या धुऱ्यापासून, बांधापासून, नाल्यापर्यंत मी उलटीच चालतो आन पायल पदर धरून नेते. कधी दिसते ती, कधी नाई दिसत. नाई दिसत त्या दिवशी जास्त भेव वाटते.

मी मनातल्या मनात त्या वाघिणीले म्हणतो, बाई, तुह्या पोटचे सुखी राहो, तुले रानातलं भरपूर भेटो. आन पायलले सांगून ठेवलं हाये, की कधी माहा पदर तुह्या हातातून सुटला, तं वळाचं नाई, पाढे म्हणत सरळ शाळेत जायचं. ती हो म्हणते. रोज हो म्हणते. पण मले माहीत हाये भाऊ, माही पोरगी वळन.