‘उभी गाडी’ ठरवून नेलेला डिस्ट्रिब्युटर

जबाब
पोलीस ठाणे मालवण, दि. १८/११/२०२५, सकाळी ११.२० वा.

नाव विनीता सत्यवान चोपडेकर, वय ४६ वर्षे, धंदा फायबरच्या होड्यांची दुरुस्ती, शिक्षण बारावी पास, रा. देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

चौकशीकामी बोलावल्यावरून मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझी सासू जानकी, वय ७८, अशा दोघी राहतो. माझे पती सत्यवान मालवाहू जहाजावर मोटरमन आहेत. वर्षातले तीन महिने ते घरी असतात. घरामागे माझी शेड आहे. तेथे मी बावीस वर्षे होड्या दुरुस्त करते.

कसाल येथील फरशीचे दुकानदार सुशांत मर्गज यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. ते शिकरा ओनर्स क्लबचे अध्यक्ष आहेत. मी दि. १५/११/२०२५ रोजी त्यांच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर चोरला आणि गाडी मुद्दाम बंद पाडली, असे त्यांचे म्हणणे आहे. ते धादांत खोटे आहे. अर्जात मला गैरअर्जदार म्हटले आहे. चोरी ज्याच्या घरी झाली तो गैरअर्जदार आणि चोरणारा अर्जदार, हे मला समजलेले नाही. हवालदार सारिका गावडे यांनी हे वाक्य लिहायची गरज नाही असे सांगितले. मी लिहायला लावले आहे.

शिकरा ही दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. बेळगावकडच्या एका लहान कारखान्याने १९९८-९९ साली थोड्याच गाड्या काढल्या आणि कारखाना बंद झाला. गोव्यापासून कोल्हापूरपर्यंत आमच्या क्लबात तेवीस गाड्या आहेत. पार्ट कुठेच मिळत नाहीत. आमची गाडी अकरा वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याहून टेम्पोत घालून आणली, तेव्हा तिच्या तळाला हात जाईल एवढे भोक होते. गाडीची बॉडी फायबरची आहे आणि फायबर हे माझे काम आहे. तळ, दोन्ही दरवाजे आणि पुढचे नाक मी बनवले. इंजिनाचे काम नंतर हाताने करून करून शिकले. आज त्या गाडीचा एकही बोल्ट असा नाही जो मी काढून परत लावलेला नाही.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय असे हवालदारांनी विचारले. इंजिनाच्या प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटून देणारा तो पार्ट आहे. तो काढताना आधी खूण करायची असते. नाहीतर ठिणगीची वेळ चुकते आणि ती परत जुळवताना जीव जातो.

मर्गज यांच्या गाडीला जूनपासून त्रास आहे. कधी सुरू होते, कधी होत नाही, लाईट मंद पडतात. त्यांनी क्लबच्या ग्रुपवर उपाय विचारला होता. त्या ग्रुपवर माझे नाव ‘सत्यवान वैनी’ असे आहे. मी त्याच दिवशी लिहिले की अर्थची वायर बघा. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे बॅटरीची अर्थ लोखंडी चासीलाच घट्ट बसली पाहिजे. त्यावर कोणी काही बोलले नाही, दोघांनी नुसता अंगठा दाखवला. जुलैत कोल्हापूरच्या एका सभासदाने शब्दाला शब्द तेच लिहिले, तेव्हा अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मर्गज यांनी मग गॅरेजमधून वायर घट्ट करून घेतली. कुठे घट्ट करून घेतली ते पुढे सांगते. त्यानंतर त्यांनी बॅटरी बदलली, प्लग बदलले, कॉइल बदलली, आणि शेवटी दोष डिस्ट्रिब्युटरचाच असे ठरवून मोकळे झाले.

दि. १३/११/२०२५ रोजी गुरुवारी मी तारकर्लीला एका बोटीच्या तळाला ठिगळ लावायला स्कूटरने गेले होते. अकराच्या सुमारास मर्गज आणि आणखी एक सभासद आमच्या घरी आले. त्या दुसऱ्याचे नाव मला माहीत नाही. सासूला म्हणाले, “काकी, गाडी बघूक इलंव.” सासूने त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, खाजे दिले. त्यांनी चहा ढोसला आणि गाडीचे बॉनेट उघडले. हवालदारांनी ‘चहा घेतला’ असे लिहिले होते. घेतला नाही, ढोसला. तसेच लिहावे.

शुक्रवारी दि. १४/११ रोजी सकाळी आठ वाजता मी गाडीला सेल्फ मारला. इंजिन नुसते फिरत राहिले, पकडेना. बॉनेट उघडले तर डिस्ट्रिब्युटरच्या जागी भोक होते. भोकावर फरशीच्या दुकानाची प्लास्टिक पिशवी रबराने बांधली होती आणि रबरात चिठ्ठी होती. “डिस्ट्रिब्युटर नेला आहे. उभी गाडी नियम. सुशांत.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हा नियम असा आहे. एखाद्या सभासदाची गाडी सहा महिने जागची हलली नाही, तर तिला उभी गाडी म्हणतात. मालकाला विचारून दुसऱ्या सभासदाने तिचा पार्ट न्यायचा आणि जागेवर चिठ्ठी ठेवायची. नियम चांगला आहे. त्याच्यामुळेच क्लबातल्या गाड्या चालतात. पण माझी गाडी उभी नाही. दर शुक्रवारी मी तिची सगळी कनेक्शन उघडून घासते, कारण आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने महिन्याभरात हिरवी पडतात. मग ती घेऊन मालवणला बाजारात जाते. रेझिनचे डबे डिकीत आणि फायबर मॅटचा रोल बाजूच्या सीटवर पट्टा लावून आणते. अख्ख्या बाजाराला हे माहीत आहे. मार्चपासून ती एकोणीसशे किलोमीटर चालली आहे, त्याची वही सोबत आणली आहे. पण मालक जहाजावर म्हणजे गाडी उभी, असा क्लबचा हिशेब आहे. बाईने चालवली तर चाके फिरत नाहीत की काय?

मी सव्वाआठ वाजता मर्गज यांना फोन केला. ते म्हणाले, “वैनी, सत्यवानाक विचारूनच नेलंय. आयतवारी रॅली झाली की आणून देतंय. तुमका खंय जावचां आसा?” मी सांगितले की मलाही रॅलीलाच जायचे आहे. रविवारच्या विजयदुर्गच्या रॅलीसाठी मी दि. २/११ रोजी ग्रुपवर माझे नाव दिले होते. त्यावर ते हसले. “सत्यवान येवंदे, मगे बघू,” म्हणाले आणि फोन ठेवला. सत्यवान यांना विचारले हे मला खोटे वाटले. खात्री करायला मी त्यांना फोन लावला, पण जहाज समुद्रात असल्याने तो लागला नाही.

शनिवारी दि. १५/११ रोजी सकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊन एस.टी.ने कसालला गेले. साडेनऊला मर्गज यांच्या घरी पोचले. ते दुकानात होते. त्यांच्या पत्नी सुभद्रा यांनी फाटक उघडले. मी त्यांना स्पष्ट सांगितले, “माझो पार्ट नेवूक इलंय.” त्यांनी गाडीवरचे कव्हर स्वतः काढून दिले. चहा विचारला, मी नको म्हटले. मी भिंतीवरून उडी मारून गेले, असे अर्जात लिहिले आहे. मी सेहेचाळीस वर्षांची बाई आहे आणि फाटक उघडे होते.

त्यांच्या इंजिनावर माझाच डिस्ट्रिब्युटर बसवलेला होता. मी माझ्या प्रत्येक पार्टवर होडीच्या निळ्या रंगाचे दोन ठिपके देते, ते त्याच्यावर होते. त्यांचा स्वतःचा डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. मी खूण करून माझा काढला आणि त्यांचा त्या जागी नीट बसवला. त्यांची काहीही वस्तू मी नेलेली नाही. नियमाप्रमाणे चिठ्ठीही ठेवली. “माझा डिस्ट्रिब्युटर परत नेला आहे. तुमचा जागेवर बसवला आहे. विनीता चोपडेकर.” ती चिठ्ठी अर्जदारांनी अर्जाला जोडलेली नाही. का जोडली नाही, हे त्यांना विचारावे.

डिकी उघडल्यावर मला त्यांच्या गाडीचा खरा दोष दिसला. शिकराची बॅटरी डिकीत असते. तिची अर्थ वायर चासीला नव्हतीच. मे महिन्यात त्यांनी गाडी रंगवून घेतली, तेव्हा कोणीतरी ती फायबरच्या तळात स्क्रू मारून बसवली होती, आणि जुलैत तोच स्क्रू आवळून दिला होता. अशी वायर असणे आणि नसणे सारखेच. करंट बाकीच्या बारीक वायरींतून वाट काढतो, म्हणून गाडी मन असेल तेव्हा सुरू होते. एवढ्यात मर्गज दुकानातून धावत आले. मी त्यांना जागेवर बोट ठेवून दाखवले. “तुमची अर्थ फायबरात मारलेली आसा. ती चासीक लावा, डिस्ट्रिब्युटराक काय एक झालेला नाय.” ते म्हणाले, “वैनी, तुम्ही आपली होड्यांची कामां बघा.”

मी वायर तशीच ठेवून डिकी बंद केली. मनात आले असते तर पाच मिनिटांत लावून दिली असती. नाही लावली, हे कबूल आहे. दुसऱ्याची गाडी दुरुस्त न करणे हा गुन्हा असल्यास तसे सांगावे. मी आवाज चढवला हेही खरे आहे. मी त्यांना ‘फुकटखाऊ’ म्हटले. बाकीच्या ज्या शिव्या अर्जात आहेत त्या त्यांच्या स्वतःच्या आहेत.

दुपारी घरी आले. त्यांनी खूण न करता उपटल्यामुळे मला ठिणगीची वेळ मुळापासून जुळवावी लागली. त्यात तीन तास गेले. संध्याकाळी गाडी सुरू झाली.

रविवारी दि. १६/११ रोजी सकाळी सहा वाजता मी सासूला बाजूला बसवून निघाले. सासूने डोक्याला शाल बांधली होती. “गो, हळू चलय,” असे तिने कुणकेश्वरापर्यंत सांगितले आणि पुढे सांगायचे सोडून दिले. नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही विजयदुर्गच्या धक्क्यावर पोचलो. वाटेत गाडी एकदाही थांबली नाही. तेथे चौदा गाड्या होत्या. हजेरीचा कागद मी पाहिला. त्यावर लिहिले होते, “सत्यवान चोपडेकर, अनुपस्थित.” मी म्हटले, गाडी समोर उभी आहे, चालवणारी समोर उभी आहे, मग अनुपस्थित कोण? कागदवाला म्हणाला, “मेंबर नाय ना इलो.” मर्गज अकरा वाजता दुसऱ्याच्या जीपमधून आले, कारण त्यांची गाडी कसालच्या नाक्यावरच बंद पडली होती. लोक त्यांना हसले. सोमवारी त्यांनी हा अर्ज दिला. खरे कारण हे आहे.

चौकशी पूर्ण होईपर्यंत डिस्ट्रिब्युटर ठाण्यात जमा करावा, अशी अर्जदारांची मागणी आहे. मी जमा करणार नाही. गाडीचे आर.सी. बुक माझ्या नावावर आहे. गाडी घेतली तेव्हा सत्यवान जहाजावर होते आणि आर.टी.ओ.त सह्या करायला मीच गेले होते. आर.सी.ची झेरॉक्स सादर केली आहे. माझी वस्तू माझ्या गाडीत आहे, यात जमा काय करायचे?

यावर हवालदारांनी अर्जाला जोडलेला एक कागद मला दाखवला. मर्गज यांच्या फोनवर दि. ९/११/२०२५ रोजी आलेल्या मेसेजचा तो फोटो आहे. मेसेज माझ्या पतीचा आहे. नंबर मी ओळखते. तो असा आहे: “घेवन जा रे. गाडी उभीच आसा. तिका विचारूची गरज नाय.”

मी हवालदारांना तो पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी वाचला. मग पाणी दिले.

दि. ९/११ रोजी सकाळी जहाज बंदरात होते. त्या दिवशी सत्यवान यांनी व्हिडिओ कॉल केला होता. मी फोन बॉनेटवर ठेवून गाडी सुरू केली होती. दर रविवारी फोन लागला की करते. ते म्हणाले, “बरो आवाज येता गो.” हे मी ऐकले आहे, सासूने ऐकले आहे. गेली चार वर्षे ती गाडी कोण चालवते, हे त्यांना माहीत नाही असे नाही. मर्गज यांचे एक वेळ सोडा. ते परके आहेत.

गाडी माझी असल्याने सत्यवान चोपडेकर यांची परवानगी ही परवानगी होत नाही. माझी वस्तू मला न विचारता न्यायला त्यांनी सांगितले. मर्गज यांच्याविरुद्ध माझी तक्रार घ्यावी आणि तीत सत्यवान यांचेही नाव लिहावे. हवालदारांनी पेन खाली ठेवून विचारले, “वैनी, घोवाचा पण नाव घालू?” मी सांगितले, “घाल गो बाय.” सत्यवान दि. २०/१२/२०२५ रोजी घरी येणार आहेत. त्यानंतर त्यांना जबाबाला बोलवावे. मी त्यांना माझ्या गाडीतून ठाण्यात आणून सोडीन. गाडी मी चालवीन.

हा जबाब हवालदार सारिका गावडे यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद खोडू का, असे त्यांनी दोनदा विचारले. खोडायचा नाही. बाकीचा मजकूरही मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.

समक्ष,
सारिका गावडे, म. पो. हवालदार

सही
विनीता चोपडेकर