चुना फासण्याआधी

कुंभकोणमच्या मराठा राजवटीतल्या जुन्या सरकारी कचेरीत दाखल्याच्या रांगेत उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षिका राजेश्वरीबाईंनी आपल्या घरची मराठी ऐकून कान टवकारले. पुढे आजोबा आणि नात उभे होते.

“आजोबा, भिंतीतल्या या दगडावर काय कोरलंय?”

“आपली मोडी लिपी. आणि हे कचेरीतले अडाणी उद्या तिच्यावर चुना फासणार!”

“साहेब म्हणाले, कुणी वाचून दाखवलं तर नाही फासणार.”

“साहेब! मराठ्यांच्या कचेरीत बसतो आणि मोडी ओळखत नाही!”

“मग तुम्ही वाचा ना.”

“चष्मा घरी राहिला.”

“नाकावर आहे की.”

“हा लांबचा.”

“सकाळी पेपर याच चष्म्यानं वाचलात.”

“गप्प बस, जननी.”

राजेश्वरीबाईंनी रांग सोडली.

“ये बाळ, इथे बोट ठेव. हे पहिलं अक्षर श्री. आजोबा, तुम्हीही या.”