फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी

आखातातल्या जुबैलच्या दवाखान्यात इकाम्याच्या, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्याच्या, तपासणीसाठी रांगेत बसलेल्या हलिमाच्या कानांवर चार महिन्यांनी मराठी पडलं. शेजारी बाप-लेक बोलत होते.

“बावीस वर्षं बॉयलर सांभाळला, इरा. नव्या साहेबानं आल्या आल्या मला स्टोअरमध्ये बसवलं. खलास! राजीनामा देतो.”

“बाबा, मी वर्गात शिकवते ना, त्या फ्लॉरेन्सच्या मुत्सद्द्याचंही असंच झालं. पाचशे वर्षांपूर्वी. सत्ता बदलली, नोकरी गेली. कटाचा आळ घेऊन तुरुंगात टाकलं, दोरीनं टांगलं.”

“कबूल केलं त्यानं?”

“नाही. सुटल्यावर शेतावर जाऊन राहिला. संध्याकाळी मळके कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवायचा आणि लिहायला बसायचा. राज्य कसं मिळतं, कशानं टिकतं, कशानं जातं.”

“राजानं धाक ठेवावा म्हणणारा तोच ना? आमच्या साहेबाचा गुरू!”

“धाक ठेवावा, पण लोकांचा द्वेष ओढवून घेऊ नये, असंही म्हणाला तो. तेवढं साहेब विसरले.”

“मग पद मिळालं परत?”

“जुनं पद कधीच नाही.”

“तरी लिहिलं?”

“तरी लिहिलं. तेही पंडितांच्या लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या बोलीत.”

बाबांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.

“आमच्या शिफ्टची नवी माणसं बिहारची, नेपाळची. म्हणजे बॉयलरचं सगळं हिंदीत लिहावं लागेल. वही आहे तुझ्याकडे?”

“आहे. सांगा.”

हलिमाचा नंबर पुकारला गेला. तिनं मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं.

“लिही. अलार्म बजे तो पहले उसे बंद मत करना. क्यों बजा, वो देखना.”