खुर्ची मागे किती जाते?

नको नको, खुर्ची नको! अहो सरकवू नका, उभाच बरा आहे मी, उभ्यानंच सांगतो... खुर्चीचं नाव काढलं ना, की तुम्हाला सांगतो, मन खातं हो! आणि आमच्या काकू तर परवा सगळ्यांच्या देखत म्हणतात कशा, 'भाऊंसारखा मनाचा मोठा माणूस आपल्या ऑफिसात दुसरा नाही!' मोठा? मी? मी आपला खाली मान घालून टाचण्या मोजत होतो. बाराशे टाचण्या मोजल्या, मान वर केली नाही!

काकू म्हणजे आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसतात त्या. एकतीस वर्षं, एकाच लाकडी खुर्चीवर! नळाला पाणी नाही, मीटर बंद पडलाय, शेजाऱ्याचा पाइप माझ्या भिंतीत गळतोय... सगळं पुढे वाकून ऐकायचं, पुढे वाकूनच वहीत लिहायचं. कंबर किती सोसणार हो? धरली! डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, 'कंबरेला आधार देणारी, उंचीला बेताची खुर्ची वापरावी.' साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कारण भांडार माझ्याकडे ना! टाचणीपासून टेबलापर्यंत सगळं माझ्या सहीनं येतं. 'तुम्ही जा, नीट बघून आणा. वर्षभरात निवृत्त होतील त्या, तेवढे दिवस तरी सुखानं बसू देत.'

वर्षभरात! तो शब्द कानात शिरला आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. आमच्याकडे निवृत्त माणसाचं सामान कुणाकडे जातं? त्याच्या खालच्या ज्येष्ठाकडे. आणि काकूंच्या खाली ज्येष्ठ कोण?... अहो माझ्याकडे काय बघताय? हो, मीच! आणि माझी खुर्ची कसली, तर बुटकी, ताठ पाठीची, मी हा असा ताडमाड, वीस वर्षं गुडघे टेबलाला आपटून आपटून टेबलालाच खळगे पडलेत!

गेलो दुकानात. मनात काही नव्हतं... बरं, होतं, थोडं होतं! दुकानदार म्हणजे साखर नुसती. 'या साहेब, ही बघा, हा दांडा ओढायचा आणि मागे रेलायचं.' ओढला. रेललो. आणि ती मागे जाते हो... जाते... जातेच! पाय आपोआप वर, मान उशीवर, डोळ्यांसमोर दुकानाचं छत, छतावर पंखा फिरतोय, आणि मला वाटलं, संसार, ऑफिस, टाचण्या, सगळं खाली कुठेतरी राहिलं. डोळे उघडले तेव्हा दुकानदार माझ्या तोंडावरची माशी हाकलत होता. 'अर्धा तास झाला साहेब, म्हटलं उठवावं का...'

आता त्या माणसाची चूक नाही, देवाशपथ नाही. त्यानं सरळ विचारलं, 'वापरणाऱ्यांची उंची किती?'

आणि मी काय बोललो? काकू माझ्या कोपराला लागतात, कोपराला! आणि मी म्हणालो, 'माझ्याएवढीच.'

मन खातं हो!

खुर्ची आली. टेंपोवाल्यानं दारातच बाँब टाकला, 'ही घ्या, याच साहेबांनी दुकानात अर्धा तास झोपून बघितली!' म्हटलं, मेलो! आणि काकू उठल्या, पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, 'माझ्यासाठी? माझ्यासाठी अर्धा तास झोपून बघितलीत? अहो, आमच्या ह्यांनी माझ्यासाठी कधी चप्पलसुद्धा घालून बघितली नाही हो!'

मी आपला घाईघाईनं टेंपोवाल्याच्या पावतीवर सही करून मोकळा झालो.

बसल्या त्या. म्हणजे बसल्या असं आपण म्हणायचं. टेकायला मागे गेल्या की पाय अधांतरी, आणि दांड्याला चुकून हात लागला की सबंध काकू खिडकीतून नाहीशा! बाहेर एक गृहस्थ तावातावानं सांगतोय, 'आठ दिवस पाणी नाही, तुम्ही करता काय!' आणि आतून फक्त दोन पायांचे तळवे. तो घाबरून ओरडला, 'अहो, बाई गेल्या!' खालून आवाज, 'गेले नाही, इथेच आहे, बोला, मीटर नंबर काय?'

हसताय? हसा. मीसुद्धा हसलो होतो, पहिल्या दिवशी.

मग त्या टोकावर बसायला लागल्या. एवढी मोठी ऐसपैस खुर्ची, आणि त्या आपल्या टोकावर, पायाखाली जुन्या वह्यांचा गठ्ठा. पाठ कशालाच टेकलेली नाही! मी विचारायचो, चोरासारखा, 'काकू, बरी आहे ना खुर्ची?' की त्या लगेच, 'बरी काय, राजेशाही आहे!' आणि जेवणाच्या सुट्टीत त्या हात धुवायला गेल्या की मी काय करायचो? सांगू? नको... सांगतो. पाच मिनिटं त्या खुर्चीत जाऊन रेलायचो! ती मागे जाते हो, काय सांगू... आणि एक दिवस साडेपाचला बघितलं, काकू उठताना भिंत धरत होत्या. एका हातानं भिंत, एका हातानं कंबर, आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, 'ऑफिसात काही खाल्लंत का?' म्हटलं, 'मी नाही गं, मन खातंय.'

चार महिन्यांनी हिंमत केली. खिडकीपाशी गेलो आणि एका दमात बोलून टाकलं, 'काकू, मी खोटं बोललो, दुकानात उंची माझी सांगितली, खुर्ची तुमच्यासाठी नाही, तुमच्यानंतर मला मिळावी म्हणून आणली.' संपलं! काकूंनी वही मिटली. शांतपणे म्हणाल्या, 'माहीत आहे.'

'माहीत आहे? कधीपासून?'

'टेंपोवाला बोलला तेव्हापासून. अहो, दुसऱ्याच्या खुर्चीत एवढी गाढ झोप लागते का कुणाला?'

'मग बोलला का नाहीत?'

'म्हटलं, भाऊ माणूस चांगला आहे, बोलेल स्वतःहून. फक्त इतके दिवस लावशील असं वाटलं नव्हतं रे.' वीस वर्षांत पहिल्यांदा मला अरेतुरे केलं त्यांनी! आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

मग काय, अदलाबदल केली. माझी बुटकी, ताठ पाठीची काकूंना अशी बसली, जशी मापानं शिवली. पंधरा दिवसांत भिंत धरणं बंद. आणि ती राजेशाही माझ्याकडे! मिळाली, जशी हवी तशी, वर्षाच्या आतच! म्हणाल, आता तरी सुखानं रेल? अहो, दांड्याला हात लावला रे लावला की काकू खिडकीतून वळून मायेनं विचारतात, 'जाते ना रे नीट मागे?' टेकेल पाठ? टेकेल? मी टोकावर बसतो. ताठ. चार महिने झाले, एकदा टेकलो नाही. आणि कालच माझी कंबर धरली!

डॉक्टर म्हणाले, टेकून बसा. म्हटलं, टेकवत नाही. म्हणाले, मग दुसरी खुर्ची घ्या. चिठ्ठी दिली. साहेबांनी वाचली, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, 'यावेळी तुम्ही नको. काकूंना पाठवतो.'

सकाळीच गेल्यात त्या दुकानात... आता तो दुकानदार विचारेल, वापरणाऱ्यांची उंची किती. बघू, काय सांगतात.