अंड्यांवरची माय

धम्मानंद : म्हंजे मी होडीत बसून तुमाला पाहायचं, आन् तुमी पाखराला पाहणार?

शीतल : व्हय. जवळा बाजार गावात आमच्या घरी बसलो असतो, तर तुमच्या मामानं मला स्वयंपाक येतो का ते विचारलं असतं. हितं सिद्धेश्वर धरणावर कोणी विचारत न्हाई. नरसिंगकाका, जरा डाव्या अंगाला घ्या.

नरसिंग : घेतो. पाव्हण्याला सांग, काठावर रेलू नको म्हणावं. मागचा पाव्हणा पाण्यात पडला होता.

धम्मानंद : मागचा कोण?

नरसिंग : तुझ्यासारखाच, पोरगी पाहायला आलेला. तू चौथा.

धम्मानंद : चौथा? शीतलताई, हे मला कोणी बोललं न्हाई...

नरसिंग : ताई म्हणतो व्हय रे? सोयरीक जमवायला आलास ना?

धम्मानंद : आदत हो काका! हिंगोली डेपोत कंडक्टर हाय मी. दिवसाला दोनशे तायांना तिकीट देतो. तोंडातून निघून जातं.

शीतल : असू द्या. हसून हसून माझी दुर्बीण हलली. घ्या, डोळ्याला लावा. शिंगाड्याच्या वेलीवर, लांब शेपटीचं. कमळपक्षी.

धम्मानंद : दिसलं! अंड्यांवर बसलंय! अहाहा. ऊन डोक्यावर हाय, खाणं न्हाई, पिणं न्हाई, तरी जागची हलत न्हाई बिचारी. आई ती आईच हो. बाप हिंडत असंल कुठंतरी गावभर. मला तर माझी माय आठवली. हे बाईलाच जमतं...

नरसिंग : झालं. ह्यानंबी तेच म्हणलं.

धम्मानंद : काय म्हणलं मी?

शीतल : तो नर हाय.

धम्मानंद : कोण?

शीतल : तुमाला आठवलेली माय.

धम्मानंद : काय सांगून राहिल्या! मग हिची... म्हंजे ह्याची... अंड्यांची आई कुठंय?

शीतल : ती काय तिकडं. ह्याच्याहून मोठी. दुसऱ्या मादीला हाकलून राहिली. चार अंडी दिली, ह्याच्या हवाली केली आन् निघाली. ह्या फुगवट्यात तिचे तीन नवरे हायेत. तिघं तीन घरट्यांवर.

धम्मानंद : तीन! आन् ते तिघं कधी एका जागी बसून तिची तक्रार करत न्हाईत?

नरसिंग : उठायला सवड कुठंय त्याहिला?

धम्मानंद : अरे बापरे. पण असं उलटं काहून झालं असंल?

शीतल : उलटं काहून म्हणता? पाण्यावरची अंडी ती. साप खातो, घार नेते, पाणी चढलं की वाहून जातात. जी मादी लगेच परत अंडी देऊ शकली, तिची पिल्लं जास्त जगली. आन् जो नर अंडी सोडून पळाला, त्याचा वंशच बुडाला. लाखो वर्षं हेच चाललं. आज दिसतात ती सगळी बसून राहिलेल्या बापांची लेकरं.

धम्मानंद : आन् आधीच्या तिघांनीबी मायच म्हणलं?

शीतल : त्याचं काही न्हाई, पाखरं पाहायला लागले त्या पहिल्या दिवशी मीबी तेच म्हणाले होते. पण नर हाय म्हणल्यावर एकाला तर रागच आला. आन् माझं सांगितलं की सगळेच घड्याळ पाहायला लागले.

धम्मानंद : तुमचं काय?

शीतल : डिसेंबरपासून दोन वर्षं आसामात पाखरांच्या अभ्यासाचं काम मिळालंय. लग्न झालं तरी मी जाणार. हे आजच सांगते, मागून तकलीफ नको. आता तुमी बोला.

नरसिंग : थांब गं पोरी. वरच्या धरणातून पाणी सोडलं वाटतं. ते बघा, घरटं बुडून राहिलं.

धम्मानंद : बुडतंय? मी उतरू का?

शीतल : बसा! नुसतं पाहा.

धम्मानंद : अंडं हनुवटीखाली दाबलं! ओढून राहिला! मागं मागं, दुसऱ्या वेलीवर! सरक बाबा, सरक, मागं जागा हाय!

(धम्मानंद उभा राहतो. होडी एका अंगाला कलते. तिघंही ओरडतात.)

नरसिंग : बस खाली, बुडवशील आमाला!

धम्मानंद : नेलं! एक नेलं! शीतलताई, एक नेलं!

शीतल : परत ताई! बाई गं, पोट दुखलं माझं. बास आता. उत्तर द्या.

धम्मानंद : खरं सांगू? आसामाचं मला काही न्हाई. आपली लालपरी जात न्हाई तिकडं, रेल्वेनं येईन सुट्टी काढून. पुढं लेकरू झालं, तर बहिणीचं पोरगं वर्षभर मीच सांभाळलंय. आंघोळ घालता येते, झोपवता येतं. भीती एकच. डेपोतले हसतील. बायको आसामात आन् हा घरी दूध तापवून राहिला म्हणतील. हसण्याला मी लई भितो.

शीतल : मग?

धम्मानंद : मग काय. अर्धा घंटा झाला, तुमी दोघं माझ्यावर हसूनच राहिले. मेलो तर न्हाई. उलट लई बरं वाटून राहिलं.

शीतल : मलाबी. खरंच, लई दिवसांनी इतकं बरं वाटून राहिलं.

धम्मानंद : एक विचारू? तुमाला तीन तर न्हाई ना पायजेत?

शीतल : एकच. पण बसणारा पायजे.

नरसिंग : पोरी, तुझ्या मायचा फोन माझ्यावर आलाय. बोला भागूबाई... व्हय, हितंच हायेत दोघं... विचारून राहिल्या, पोरगं कसं वाटलं, आन् घरी कधी येता?

शीतल : सांगा, उशीर होईल. अजून तीन अंडी न्यायची राहिलीत, तवर धम्मानंद हितून उठायचे न्हाईत.