भिंतीबद्दल विचारायचं

(कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या जहागिरीची उंच भिंतींनी वेढलेली बाग. ऑगस्टची अखेर. डेन्झिल आणि त्याची थोरली मेहुणी हेस्टर भिंतीतल्या दारातून आत येत आहेत. पेंडर हा इथला स्वयंसेवक.)

हेस्टर: आणि ती चटणी?

डेन्झिल: कुठली?

हेस्टर: जिन्याखालच्या कपाटातली. हिरव्या टोमॅटोची. बाटल्यांवर बाटल्या, आणि एकीचंही झाकण उघडलेलं नाही. काल कपाट आवरायला म्हणून बसले ती बसूनच राहिले.

डेन्झिल: आम्हाला आवडत नाही चटणी.

हेस्टर: तेच म्हणतेय मी. मग घेतली कशाला? डेन्झिल, खरं सांग. शेवटी शेवटी लोर्नाचं डोकं ठिकाणावर होतं ना?

डेन्झिल: होतं.

हेस्टर: चष्म्याच्या डबीत नखं कापायची कात्री होती. हँडबॅगेत फ्रीजरच्या पिशव्यांची गुंडाळी, आणि ओले होऊन वाळलेले, पापडासारखे कडक रुमाल. डबी तरी दान करावी म्हणून आज सकाळी शोधली, तर तीही गायब. मला वाटलं, माझंच डोकं फिरतंय आता.

डेन्झिल: पायरी आहे. जपून.

हेस्टर: दिसते मला पायरी. मी काय विचारलं?

डेन्झिल: ती फांद्या चोरायची.

हेस्टर: कोण?

डेन्झिल: लोर्ना. अशा बागांमधून. कात्रीनं कापायची, ओल्या रुमालात गुंडाळायची, पिशवीत घालायची. मग पिशवीत फुंकर मारून गाठ. आपल्या घरच्या काचघरात जे जे आहे ते सगळं तसंच आलंय.

हेस्टर: आमची लोर्ना? माझी धाकटी बहीण? चर्चमध्ये दर रविवारी फुलं मांडायची ती?

डेन्झिल: ती फुलंही त्यातलीच.

हेस्टर: थांब जरा. मला बसू दे. या बाकावर बसलं तर चालतं ना, की हाही कुठून आणलाय?

डेन्झिल: बस.

हेस्टर: मी इतकी वर्षं मॅजिस्ट्रेट होते. दुकानातून चीजचा तुकडा उचलला म्हणून मी एका बाईला दंड केलाय. रडत होती बिचारी.

डेन्झिल: म्हणून तर तुला सांगितलं नाही. तू नाताळला यायचीस तेव्हा काचघराला कुलूप असायचं.

हेस्टर: औषध फवारलंय म्हणायची. आत जाऊ नकोस, खोकला होईल.

डेन्झिल: हं.

हेस्टर: आणि मी तिला सांगायचे, मास्क लावत जा. आणि ती चटणी?

डेन्झिल: भरपाई. निघताना इथल्या दुकानातून काहीतरी घ्यायचंच. तिचे नियम होते. एका बागेतून एकच फांदी. फूल आलेली घ्यायची नाही. आणि जाताना चटणी.

हेस्टर: चोर ती चोर, वर नियमांची पक्की. आणि तू? तू काय पिशव्या धरायचास?

डेन्झिल: मी भिंतीबद्दल विचारायचो.

हेस्टर: म्हणजे?

डेन्झिल: इथे स्वयंसेवक असतात. निवृत्त माणसं. त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, ही भिंत कधीची हो? की सुटतात. भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, हातवारे करत. पाठ झाडांकडे. फुलाबद्दल कधी विचारायचं नाही. फुलाबद्दल विचारलं की ते फुलाकडे चालत येतात.

हेस्टर: देवा रे. किती शांतपणे सांगतोयस.

डेन्झिल: सगळंच शांतपणे सांगतो हल्ली.

पेंडर: अरे वा, आलात! मी आतमध्ये म्हणतच होतो, यंदा आपले पाहुणे दिसले नाहीत. मे गेला, जून गेला.

डेन्झिल: ही भिंत कधीची हो?

पेंडर: बघा! दरवर्षी विचारता आणि दरवर्षी विसरता. पण हरकत नाही, मला आवडतं. या, इकडून या. ही उत्तरेची बाजू, तोंड दक्षिणेला, म्हणजे दिवसभराचं ऊन हिच्या तोंडावर. म्हणून हीच सगळ्यांत उंच. आणि गंमत म्हणजे ती आतून पोकळ आहे. पलीकडच्या अंगाला चुली होत्या. वसंतात कडाक्याचं हिम पडलं की तिकडे जाळ करायचे आणि धूर भिंतीच्या पोटातून वळणावळणानं फिरवायचे. इकडे पीचच्या मोहोराला ऊब. मालकाला थंडी वाजली तरी चालेल, पीचला वाजता कामा नये! ही भोकं दिसतायत? खिळ्यांची. फांद्या बांधायला. दीडदोनशे वर्षांची भोकं, आणि आजही एक बुजवायचं म्हटलं तर वर अर्ज करावा लागतो.

डेन्झिल: हं.

पेंडर: आणि मिसेस कुठे आज?

डेन्झिल: आहे मागे. काचघराकडे.

पेंडर: त्या नेहमी तिथेच असतात. आणि ह्या?

डेन्झिल: मेहुणी.

पेंडर: सांगायला नको. नाक तेच. अंजिरं पिकलीत म्हणावं मिसेसना, बघून जा. मी आहे इथेच, दाराशी मंडळी आलीत तेवढी बघतो.

हेस्टर: डेन्झिल.

डेन्झिल: हो.

हेस्टर: तू त्याला काय सांगितलंस?

डेन्झिल: ऐकलंस की.

हेस्टर: मागे आहे म्हणालास. अरे, आपण जूनमध्ये तिला पुरलं. पाऊस होता. तुझ्या हातात माझी छत्री होती आणि तू ती मिटवायला विसरलास. चर्चमध्येही उघडीच.

डेन्झिल: आठवतं मला. मी काही वेडा झालेलो नाही, हेस्टर.

हेस्टर: मग खोटं कशाला?

डेन्झिल: तो समोर आला आणि मी भिंतीबद्दल विचारलं. तोंडातून आपोआप गेलं. तो बोलत होता, मी मान हलवत होतो, आणि मग लक्षात आलं की मागे कोणीच कापत नाहीये.

हेस्टर: दूधवाल्यालाही तू हेच सांगितलंस. बहिणीकडे गेलीय. मी दार उघडलं तर तो मलाच विचारतो, तुमच्याकडे आल्यात ना त्या? मीच बहीण, आणि मी एकटी उभी.

डेन्झिल: ते वाक्य येत नाही मला.

हेस्टर: कोणतं वाक्य?

डेन्झिल: ते.

हेस्टर: एकदाही नाही म्हणालास?

डेन्झिल: फोन तू केलेस. पाद्रीबाईंशी तू बोललीस. नोंदणीच्या कचेरीत त्या मुलीनं विचारलं, मी नुसती मान हलवली. लागलंच नाही म्हणायला. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो? जागेवर असतो, पण आपला नसतो. तसं आहे. जेवतो मी. झोपतो. चांगली झोप लागते. लोक येतात, केक आणतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात, बधिरपणा उतरला का म्हणून.

हेस्टर: मीही बघतेच.

डेन्झिल: माहीत आहे.

हेस्टर: सोमवारी घरच्या काचघरातल्या कुंड्या न्यायला माणूस येणार आहे. त्याला तरी काय सांगणार आहेस?

डेन्झिल: तू आहेस ना सोमवारी.

हेस्टर: मंगळवारी नसेन. चल, इथलं काचघर बघू आणि निघू. मला चहा हवाय. आता इथल्या दुकानातली चटणीही मी सरळ मनानं बघू शकणार नाही.

डेन्झिल: इकडून. डावीकडे.

हेस्टर: किती उकडतंय आत. आणि हा वास कसला? जायफळ?

डेन्झिल: त्या कुंडीतला. जिरॅनियम. पान चोळ हलकेच.

हेस्टर: पान चोळायला परवानगी आहे का?

डेन्झिल: चोळायला आहे.

हेस्टर: जायफळ आणि गुलाब. फूल मात्र अगदीच किरकोळ.

डेन्झिल: इथल्याच कोण्या जुन्या माळ्यानं तयार केलेली जात. बाहेर कुठे मिळत नाही. तीन वर्षं नेली तिनं. तिन्ही वेळा कुजली.

हेस्टर: तिच्या हातून कुजली? तिच्या हातून तर खुर्चीला पालवी फुटायची.

डेन्झिल: फार लागलं होतं तिला ते. मग हॉस्पिटलमध्ये शेजारच्या कॉटवर एक म्हातारी होती, जिरॅनियमवाली. ती म्हणाली, ओल्या रुमालानंच कुजते. याची फांदी कोरडी न्यायची. रात्रभर तशीच उघडी ठेवायची, जखम सुकली की मग मातीत.

हेस्टर: कधीची गोष्ट ही?

डेन्झिल: शेवटच्या शुक्रवारची. मी गेलो तर डोळे मिटलेले. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, डेन्झ, रुमाल कोरडा. ऑगस्टच्या शेवटी जाऊ. रुमाल कोरडा. नंतर नीट काही बोलली नाही.

हेस्टर: तू आम्हाला सांगितलंस, काही न बोलता झोपेत गेली.

डेन्झिल: मुलं विचारत होती, शेवटी काय म्हणाली. त्यांना रुमाल कोरडा म्हणून कसं सांगू?

हेस्टर: तरीच. महिनाभर मी म्हणतेय, बाहेर पड, समुद्रावर जाऊ, कुठेही जाऊ. नाही म्हणजे नाही. आणि काल या बागेचं नाव निघालं तर लगेच कोट चढवलास. डबी खिशात आहे ना?

डेन्झिल: हो.

हेस्टर: दाखव. आणि रुमाल?

डेन्झिल: इस्त्री केलेला आहे.

हेस्टर: मग कर काय करायचं ते. मी दुसरीकडे बघते.

डेन्झिल: मी कधी कापलेलं नाही, हेस्टर. एकदाही नाही. मी कायम भिंतीपाशी. तिची पाठसुद्धा नीट पाहिली नाही कापताना. फूल नसलेली फांदी घ्यायची, पेराच्या खाली कापायची, एवढं माहीत आहे. हात पुढे होत नाही.

हेस्टर: मग सरळ मागू या. मघाचा तो माणूस भला दिसतो. जाते मी त्याच्याकडे. म्हणेन, एक फांदी हवीय. नाही कशाला म्हणेल?

डेन्झिल: नको.

हेस्टर: का? चोरलेलीच हवी का तिला?

डेन्झिल: तो विचारेल, कोणासाठी.

हेस्टर: कशावरून?

डेन्झिल: विचारणारच ना. मग सांगावं लागेल. तू सांगितलंस तरी तो येऊन माझा हात धरेल. मला नकोय आज हात धरलेला. आज मला फक्त फांदी हवीय. त्याच्यापुरती ती काचघरात आहे. एवढी एक जागा राहू दे, जिथे ती मागे आहे.

हेस्टर: तू माझ्याकडे बघून बोलतोयस खरा, पण मी यात सामील होऊ शकत नाही. जन्मभर मी लोकांना सांगत आले, कारण काहीही असो, चोरी ती चोरी.

डेन्झिल: तू जा बाहेर. तू काही पाहिलं नाहीस.

हेस्टर: तुझे हात तर स्थिर आहेत.

डेन्झिल: तेच तर. त्या गालासारखे.

हेस्टर: ती फांदी नको, तिला कळी आहे. त्याच्या खालची. ती आखूड. पेर म्हणजे हे जाड आहे तेच ना? त्याच्याखाली.

डेन्झिल: तो येतोय.

हेस्टर: कोण?

डेन्झिल: पेंडर. काचेतून दिसतोय बघ. इकडेच येतोय. राहू दे. चल.

हेस्टर: चल काय? उभा राहा तिथेच. माझी बॅग धर. नको, बॅग मलाच हवी, बाई बिनबॅगेची बरी दिसत नाही. आणि हे बघ, सोमवारच्या त्या माणसाला मी सांगते, एक कुंडी सोडून बाकीच्या ने. बरी बघून ठेव एखादी.

डेन्झिल: हेस्टर.

हेस्टर: काय?

डेन्झिल: फुलाबद्दल विचारू नकोस.

हेस्टर: मला कळतं. मिस्टर पेंडर, एक मिनिट! तुम्हालाच शोधत होते. मघाशी तुम्ही एवढं छान सांगत होतात आणि माझं मेलं लक्षच नव्हतं. ती भिंत. कधीची म्हणालात?

पेंडर: वा! त्यांना सांगून सांगून मी दमलो, निदान तुम्ही तरी लक्षात ठेवाल. या, जवळ या. असा तळवा टेकवून बघा. चुली कधीच्या विझल्या, पण ऊन साठवते ती. संध्याकाळपर्यंत अशीच राहते.

हेस्टर: खरंच की. आणि धूर जायचा कुठून?

पेंडर: हा प्रश्न कोणी विचारतच नाही! वर बघा, ते उंच टोक. नाही नाही, तिकडे नाही, माझ्या बोटाच्या रेषेत. दिसलं? थोडं पुढे या, म्हणजे ऊन डोळ्यांवर येणार नाही.

हेस्टर: दिसलं. आणि खालची चूल?

पेंडर: ती पलीकडे. दाखवतो. पण तुमच्या बहीणबाई? बराच वेळ झाला, दिसल्या नाहीत. अंजिरांकडे तरी गेल्या का?

हेस्टर: आत आहे. होईलच आता तिचं. तुम्ही चुलीचं सांगत होतात.