भावजींच्या गाडीचं दुसरं इंजिन

नको, नको, खुर्ची नको, मी उभाच बरा... बसलो की उठवायला दोन माणसं लागतात, तुम्हाला सांगतो, आणि हे सगळं कशापायी? तर आमच्या भावजींच्या गाडीपायी! म्हणजे बघा, गाडी कोणाची? भावजींची. इंजिन कोणाचं? दुसऱ्याच गाडीचं. आणि कंबर कोणाची गेली? माझी!

भावजी म्हणजे काळुराम, आमच्या गोदाताईचा नवरा. घोडबंदर रोडला त्या टॉवरच्या मागे गाव आहे ना, तिथले. भातशेती बिल्डरला गेली तेव्हा अख्ख्या गावाने उंच उंच गाड्या घेतल्या, घरची सगळी माणसं बसून वर बकरा मावेल अशा... आणि आमच्या भावजींनी काय आणलं? जपानी स्पोर्ट्स गाडी! लाल, जुनी, दोन दरवाजे, आणि बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं! ताई पहिल्यांदा आत बसली, तिला बाहेर काढायला मला वर्तकनगरहून बोलावलेलं.

बरं, इंजिन तरी चारचौघांसारखं असावं? छे! रोटरी! भावजी कोणालाही धरून सांगणार, "देवराम, यात पिस्टन नाय. आत एक तिकोना हाय, तो गरगर फिरतो, बस!" अहो पण तो तिकोना पेट्रोल पितो, वरून ऑइलही पितो, आणि त्याचे लाड किती? "थंड गाडी सुरू केली की गरम होऊ द्यायची. लगेच बंद केली ना, आत पेट्रोल भरतं, प्लग भिजतात, मग बसा बोंबलत!" हे जेवताना ऐकायचं, हे बारशाला ऐकायचं, एकदा तर मयताला गेलेलो तिथे ऐकलं. ताई भाकरी थापता थापता वैतागायची, "मना कनाला सांगता? मना काय त्यातलं कलतं?"

एकच माणूस मन लावून ऐकायचं, ती म्हणजे माझी भाची कल्पिता. लहानपणी बापाच्या शेजारी बसून गावभर फिरायची. एकदा बोलून गेली, "पप्पा, माझं लग्न झालं ना, की सासरी मी याच गाडीतून जाणार. आणि तुम्हीच चालवायची." पोर ती, बोलली नि विसरली. पण भावजी विसरतायत? पुढे इंजिन मेलं, गाडी ताडपत्रीखाली गेली, वर जांभळं पडून पडून ताडपत्री जांभळी झाली... आणि डोंबिवलीच्या साकेतशी लग्न ठरल्याबरोबर, अजून सोनाराकडे कोणी गेलं नव्हतं हो, भावजींनी ताडपत्री काढली!

गाडी गेली खडवलीला, चंदू मेकॅनिककडे. चंदूने इंजिन उघडलं, बघितलं आणि नुसती मान हलवली. "काका, हे संपलं. ह्याच्यासारखं दुसरं मिळणं कठीण. साधं पिस्टनचं टाकतो ना, आठवड्यात गाडी दारात." भावजींनी त्या मेलेल्या इंजिनावरून हात फिरवला. मग हळूच म्हणतात, "चंदू, हिचा आवाज पोरीच्या कानात बसलाय रे." चंदू फोन काढून कोणाकोणाला विचारत बसला.

मिळालं! अपघातातल्या एका गाडीचं, रोटरीच, पण पुढच्या मॉडेलचं. आणि मग काय विचारता... बसवायच्या जागा जुळेनात, सायलेन्सरचा पाइप भलतीकडे, वायरिंग म्हणजे शेवयांचा टोप उपडा केलेला! दर रविवारी मला फोन, "देवराम, चल, उजेडाला नुसती बॅटरी धरायचीय." पहिल्या रविवारी बॅटरी धरली. दुसऱ्या रविवारी पाना धरला. तिसऱ्या रविवारी, "जरा इंजिनचा कोपरा धर." अहो, कोपरा? मी पोस्टात नोकरी केलेला माणूस! पण भावजी असं बघतात ना, की नाही म्हणवत नाही. गाडी कोणाची? भावजींची. इंजिन कोणाचं? दुसऱ्याच गाडीचं. आणि कंबर? सुरुवात तिथूनच झाली.

शेवटी एकदाचं ते सुरू झालं. ब्रॅप... ब्रॅप... ब्रॅप... अख्खी खडवली बघायला आली! भावजी पाठमोरे झाले, हाताला आलं त्या फडक्याने डोळे पुसले, ते फडकं ऑइलचं. काळाकुट्ट चेहरा करून हसत होते वेड्यासारखे. मी पण हसलो. जरा रडलो पण, खोटं कशाला बोलू?

आता लग्नाचा दिवस. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, दुपार कलली. दारात गाडी झेंडूने मढवलेली. भावजी स्टिअरिंगवर, शेजारी शालू सावरत कल्पिता, आणि नवरदेव कुठे? मागे! त्या एवढ्याशा जागेत, गुडघे कानाला लावून, वर फेटा! पण साकेत चांगला पोरगा, म्हणतो, "मामा, मस्त आहे, ऐसपैस." भावजींनी चावी फिरवली. खुर्र... खुर्र... खुर्र... आणि ढिम्म!

भावजींचा चेहरा असा उतरला की बघवेना. "भिजली. कोणीतरी सुरू करून बंद केली!" लगेच सगळे शहाणे गोळा. "काका, आमच्या मोठ्या गाडीत बसा." "गृहप्रवेशाचा मुहूर्त टळेल." "कशाला पाहिजेत हे नखरे?" भावजी मान खाली घालून उभे. कल्पिता खाली उतरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी जाईन तर ह्याच गाडीतून. थांबते मी." चंदू पंगतीतून हात धुऊन आला, नवा शर्ट काढून ठेवला, बनियनवर कामाला लागला. एकेक प्लग काढतोय, पुसतोय, फुंकतोय, उन्हात धरून बघतोय... प्लग पुसतोय की मोती, कळेना! मी ओरडतोय, "आटप रे!" तर भावजी मलाच म्हणतात, "कामाला वेळ लागतो देवराम."

मी तणतणत ओट्याकडे गेलो तर काय बघतो? गोदाताई पोरीला घेऊन बसलीय. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि एकेक घास भरवतेय, शालूवर पडू नये म्हणून खाली हात धरून. पोर खातेय, हसतेय, मध्येच आईच्या खांद्यावर डोकं ठेवतेय... मी तिथूनच मागे फिरलो.

मग चंदू म्हणाला, "आता धक्का मारा!" मारला ना! वरपक्ष, वधुपक्ष, बँडवाला, मी सगळ्यात मागे मधोमध, म्हणजे वजन सगळं माझ्यावर! टॉवरच्या गॅलरीतनं लोक मोबाइल घेऊन उभे. आणि वळणावर कट्ट करून माझी कंबर नि ब्रॅप करून गाडी, दोन्ही एकदमच! धुराचा ढग! आता थांबायची सोय नाही, थांबली तर परत बंद पडायची. रडारड राहिलीच, कल्पिता खिडकीतून हात हलवत ओरडतेय, "आई, आवाज तोच आहे गं!"

धूर निवळला. ताई रस्त्यात उभी, पदराने डोळे टिपत. मी विचारलं, "ताई, गाडीला हात कोणी लावला असेल?"

"मीच."

"अगं, काय सांगतेस!"

"बँड वाजत होता तवा सुरू केली न लगेच बंद केली. पोर सकालधरना उपाशी रे. माझ्याकडं बसली पन नाय. म्हटलं जरा घटकाभर तरी..."

"पण तुला त्यातलं काय कळतं?"

"येवढी वर्सं जेवताना तेच आयकते ना. त्याला वाटतं, आपलं कोनी आयकत नाय."

मी ठरवलं, भावजींना सांगायचं नाही. दिवेलागणीला ते डोंबिवलीहून आले, मी आडवा पडलेलो, तर शेजारी बसले आणि खिशातून चावी काढून दाखवली. चावीला पीठ. भाकरीचं, वाळलेलं. म्हणतात, "गाडी भिजली नि चावीवर हे पीठ दिसलं, तेव्हाच कळलं. म्हणून चंदूच्या कानात सांगितलं, प्लग सावकाश पूस."

म्हणजे बघा! ताईला माहीत, भावजींना माहीत, चंदूलाही सांगितलेलं, आणि जिवाच्या आकांताने ढकलत कोण होतं? गाडी कोणाची? भावजींची. इंजिन कोणाचं? दुसऱ्याच गाडीचं. आणि कंबर कोणाची? माझी!

आणि परवा पोरीला पाचपरतावण्याला माहेरी आणायचंय. कुठली गाडी जाणार, ते काय सांगायला पाहिजे? भावजींचा फोन आलेला, "देवराम, नुसता सोबतीला ये." मी आपला कमरेचा पट्टा तेवढा विकत आणून ठेवलाय.